खाली गाडी

किरनापूरहून येणारी बस पूर्वी दवाखान्यापाशी थांबायची. रेल्वे फाटकावर पुलाचं काम निघालं तेव्हापासून ती फाटकाच्या अलीकडेच माणसं उतरवू लागली. पाण्याची पाइपलाइन आड आली म्हणून पूल अडला, पूल अडला म्हणून बस अडली, आणि पुढची पायपीट आजारी माणसांच्या वाट्याला आली.

महागूनं सत्यभामेला हाताला धरून उतरवलं. तिचं रक्त मशीनवर धुवावं लागे. सकाळचा नंबर हुकला तर संध्याकाळचा मिळे, आणि संध्याकाळी परतीची बस नसे.

"रिक्शा कहाँ मिलेगी?" त्यानं कंडक्टरला विचारलं.

"पुल के पास. खाली मिलेगी."

जन्मभर मराठी पुस्तकांत डोकं घालून बसलेला महागू तिला घेऊन पुलाखाली गेला. तिथं सिमेंटचे खांब, धूळ आणि कधीचे येऊन पडलेले पाइप. सत्यभामा एका पाइपवर टेकली. तिचे पाय सुजले होते. रिक्षा काही येईना.

कंडक्टर हिंदीतलं 'खाली', म्हणजे 'रिकामी' तर म्हणाला नसेल? महागूच्या मनात आलं. पण परत जाऊन विचारायचं म्हणजे तो हसणार. थोडं थांबून पाहू, असं म्हणत तो उभाच राहिला.

शेवटी सत्यभामेनंच एका मजुराला हाक मारली, "भाऊ, रिक्शा इथंच लागते का?"

"यहाँ कहाँ, माताजी? ऊपर सड़क पर खाली खड़ी हैं!"

सत्यभामेनं नवऱ्याकडे पाहिलं. "अजी, पुसाले काय झालं होतं तुमाले?"

"मले वाटलं..." महागू म्हणाला आणि तिला उठवायला हात पुढे केला.

दवाखान्यात पोहोचले तोवर मशीनवर दुसरं माणूस होतं. नर्स पौर्णिमा हळहळली. "बाबाजी, अब शाम को खाली होगी."

"घ्या, आणखी एक खाली," सत्यभामा म्हणाली. तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोहोचायच्या आधीच दमलं.

महागूनं पिशवीतली चादर चाचपली. घरी जायचं ते आता उद्याच.

"बाई, रात्री हिले टेकाले जागा भेटंल का?"

"वो कोने वाला बेंच खाली है."

तो दोन पावलं गेला, थांबला, कान तापले तरी मागे फिरला.

"खाली म्हणजे रिकामाच ना, बाई?"

"हौ, बाबाजी. रिकामा."

"अन् सकाळची बस कुठून सुटते?" त्यानं विचारलं. मग नीट समजलं तरी आणखी एकदा विचारलं.