साडेबाराचा मंत्र

हुबळीच्या विद्यानगरातल्या गुरुप्रसाद कट्टीच्या ऑफिसात दुपारी साडेबाराला इतकी माणसं जमायला लागली, की चुरमुऱ्यांचं गिरमिट विकणाऱ्या गिरमिटवाल्यानं आपला गाडा कॉलेजच्या दारातून हलवून थेट त्यांच्या जिन्याखाली आणून लावला. गर्दी कुठे टिकणार हे गिरमिटवाल्याइतकं कुणालाच कळत नाही.

माणसं यायची ती एक ठिपका बघायला. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सकाळपासून लाल दिसणारा ठिपका. बारा पस्तीसला प्रभंजन गुरुजी स्कूटरवरून उतरायचे, पाय धुऊन घ्यायचे, कीबोर्डवर अक्षता उधळायचे (त्या फटींतून वेचून काढण्यात ऑफिसातल्या लोकेशचा अर्धा तास जायचा) आणि डोळे मिटून घुमायला लागायचे.

"ॐ ऱ्हीं क्लीं चिपस्थाय नमः! केबलवासिन्यै नमः! एरर भस्मं कुरु कुरु, व्हायरस पलायनं कुरु कुरु!"

मग लोकेशनं बटण दाबायचं. यंत्र पाच मिनिटं गुरगुरायचं आणि ठिपका हिरवा व्हायचा. बायका हात जोडायच्या, शेजारचा टायपिंग क्लासवाला बिघडलेला प्रिंटर पुढं सरकवायचा, आणि गुरुजी धारवाडी पेढा तोंडात टाकत उपदेश करायचे, "माउस म्हणजे गणपतीचं वाहन. त्याची शेपटी ओढत जाऊ नका." हे गुरुजी दोन वर्षांपूर्वीपर्यंत सुभाष रोडवर इन्व्हर्टर विकत होते. तेव्हाही ते बोलायचे असंच, फक्त गॅरंटी एक वर्षाची द्यायचे.

हा सगळा सोहळा माया होसमनी व्हरांड्यातल्या खिडकीतून बघायची. ती याच ऑफिसात नोकरीला होती, पण आत यायची तिला बंदी होती. ती कशी झाली, ते सांगायला हवं.

गुरुप्रसादचं ऑफिस 'गावफळा' नावाचं एक काम सांभाळायचं. वाचनालयांना इंटरनेटवर आपल्या सूचना लावता याव्यात म्हणून जगभरच्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेली प्रणाली. तिची ओळन् ओळ सगळ्यांसमोर उघडी. कुणीही वाचावी, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवावी. आलेल्या दुरुस्त्या जोडून बघायच्या, म्हणजे बिल्ड करायचं, आणि एकशे चाळीस टेस्ट लावून तपासायचं, हे हुबळीकरांकडे. एक टेस्ट नापास झाली तरी बिल्ड मोडलं, ठिपका लाल.

गेले तीन आठवडे एकच टेस्ट नापास होत होती. ती अगदी साधी: आजच्या तारखेची एक सूचना लावायची आणि विचारायचं, आजच्या सूचना किती? उत्तर यायला हवं एक. सकाळी यायचं शून्य. दुपारी पुन्हा तीच टेस्ट, तेच बटण, आणि उत्तर एक! दुसऱ्या दिवशी सकाळी परत शून्य. गुरुप्रसादनं दोन दिवस डोकं आपटून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी ते गुरुजींच्या पायावर ठेवलं. इंजिनिअरिंगला सुवर्णपदक मिळवलेला माणूस, पण अडला की आधी पंचांग उघडणार.

गुरुजी पहिल्यांदा आले ते जेवण आटोपून, दुपारी. ठिपका हिरवा झाला. दुसऱ्यांदा त्यांना घाईनं सकाळी दहाला आणलं. घसा बसेस्तोवर मंत्र म्हटले, पण ठिपका लाल तो लालच. गुरुजींनी कपाळ पुसलं, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "ही मुलगी नवीन काय?"

"हौदु गुरुजी, एक आठवडा झाला," गुरुप्रसाद म्हणाला.

"आणि दोष कधीपासून?"

"एक... आठवडा."

"आडनाव काय, बाळ?"

"होसमनी," माया म्हणाली.

"अस्सं," गुरुजी म्हणाले, आडनावावरून जात कळली, आणि पुढं काही बोलायची गरजच उरली नाही. फक्त 'स्पंदनं जुळत नाहीत' एवढं त्यांनी गुरुप्रसादच्या कानात सांगितलं. जाताजाता लोकेशला मात्र हळूच विचारलं, "तम्मा, ते तुमचं यंत्र कधी आपोआप बरं होतं काय रे?"

"जेवायच्या सुमाराला होतं की गुरुजी."

त्या दिवसापासून गुरुजींनी साडेबाराच्या आत आपणहून कधी मंत्र म्हटला नाही, आणि सकाळची टेस्ट लाल आली की त्यांचा मंत्र होईपर्यंत ते बटण पुन्हा कुणी दाबायचं नाही असा नेम घालून दिला. त्यांना कारण ठाऊक नव्हतं, वेळ ठाऊक होती. भोंदूला तेवढं पुरतं.

मायाचं टेबल व्हरांड्यात गेलं, पाण्याच्या पिंपाशेजारी. शनिवारी 'गावफळा'ची नवी आवृत्ती जगापुढं जायची होती, आणि त्या शनिवारी तिचा शेवटचा दिवस, असं गुरुप्रसादनं तिच्याकडे न बघता सांगून टाकलं.

"माझं काम चुकलं असेल तर दाखवा सर."

"तसं नव्हं ग माया. कामाचं काही नाही. पण... बघ की, योग असतात एकेक."

मायाच्या अंगाची लाही लाही झाली. घरी तिनं वडिलांना सांगितलं. सिद्राम होसमनी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. ते जेवता जेवता थांबले. "इंजिन अडलं तर आम्ही इंजिन उघडून बघतो," ते म्हणाले. "हाताखालच्या खलाशाचं आडनाव नाही विचारत. तू उघडून बघ."

तिनं बघितलं होतं, दहादा. टेस्टची प्रत्येक ओळ बरोबर होती. दोष तिथं नव्हताच.

गुरुवारी सकाळी साडेदहाला व्हरांड्यातला फोन वाजला. पलीकडे गुरुप्रसादची बहीण दीपश्री होती, कॅलिफोर्नियाहून.

"अण्णा आहे काय? त्याला विचार, एकादशी तुमच्याकडं आज आहे की उद्या? आमचा घोळ झालाय."

"आज आहे वाटतं, अक्का. आज गुरुवार ना?"

"तुमच्याकडं गुरुवार ग! इथं अजून बुधवारच आहे. रात्रीचे दहा वाजलेत."

मायानं फोन ठेवला तो टेबलावरच ठेवला, जागेवर ठेवायचं सुचलंच नाही. तीन आठवड्यांपूर्वी गुरुप्रसादनं सूचनांची सगळी साठवण ऑफिसातल्या जुन्या मशीनवरून कॅलिफोर्नियातल्या, देणगीत मिळालेल्या सर्व्हरवर हलवली होती. ती नोकरीला लागली त्याच आठवड्यात! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, आणि दोष कावळ्याला. सूचना लावणारं मशीन हुबळीत: ते तारीख घालणार गुरुवारची. 'आजच्या सूचना' मोजणारा सर्व्हर तिकडे: त्याचा 'आज' अजून बुधवार. बुधवारी गुरुवारची सूचना कशी मोजणार? शून्य. आणि तिकडे मध्यरात्र होऊन गुरुवार उजाडतो तेव्हा हुबळीच्या घड्याळात वाजतात साडेबारा.

बारा एकोणतीसला तिनं आपल्या मशीनवर फक्त ती एकच टेस्ट लावली. लाल. बारा एकतीसला पुन्हा लावली. हिरवी. गुरुजींची स्कूटर अजून चौकातही आलेली नव्हती.

शुक्रवारी 'महाशांती' होती. शनिवारच्या आवृत्तीसाठी खास. माणसं अकरापासूनच जमली आणि गुरुजीही दर्शन द्यायला हारांत बुडून बसले. राहुकाळ बारापर्यंत, तो टळला की बारा पस्तीसला मंत्र, असं जाहीर झालं होतं.

सव्वाअकराला माया सरळ आत आली.

"सर, आत्ता हिरवा करून दाखवू?"

"राहुकाळात?" गुरुप्रसाद दचकला. गुरुजी हसले. "करू दे, करू दे. पोरीला हौस आहे."

मायानं एक ओळ बदलली, बटण दाबलं, डोळे मिटले आणि नाकातून सूर लावला, "ॐ होसूराय नमः, उणकलाय नमः, भैरीदेवरकोप्पाय नमः, नवनगराय नमः, रायापुराय नमः, सत्तूराय नमः..."

'भैरीदेवर' असं देवाचं नाव ऐकून चार बायकांनी हात जोडले. मागं उभा असलेला एक निवृत्त कंडक्टर मात्र फसकन हसला. "अहो, हे तर आमच्या धारवाडच्या बसचे थांबे!"

तेवढ्यात ठिपका हिरवा झाला. कंडक्टरचंही हसू थांबलं.

"आता जुनी ओळ परत घालते," माया म्हणाली. पाच मिनिटांत ठिपका लाल झाला. "गुरुजी, तुम्ही म्हणा आता. सगळ्यांसमोर."

गुरुजींना म्हणावंच लागलं. चिपस्थाय झालं, केबलवासिनी झाली, अक्षतांची मूठ रिकामी झाली. लोकेशनं तीनदा बटण दाबलं, तिन्हीदा लाल.

"राहू वक्री आहे," गुरुजी घाम पुसत म्हणाले.

"थांबू की मग," माया म्हणाली. "साडेबारा वाजू दे. फक्त गुरुजींनी तोंड उघडायचं नाही."

जन्मात कुणी पाहिली नसेल अशी ती एक तासाची महाशांती झाली. साठेक माणसं पडद्याकडे कमी आणि गुरुजींच्या ओठांकडे जास्त बघत होती. त्यांना जांभई आली तरी कंडक्टर ओरडायचा, "ए, काही म्हणालेत काय बघा!" बारा एकतीसला लोकेशनं बटण दाबलं. ठिपका हिरवा.

"मी मनात जपलं!" गुरुजी उसळून म्हणाले.

"मग मघाशी तीनदा मोठ्यानं जपलंत, ते का नाही लागू पडलं?" माया म्हणाली.

मायानं भिंतीवरची दोन घड्याळं मागवली, एक हुबळीच्या वेळेला लावलं, एक कॅलिफोर्नियाच्या, आणि टायपिंग क्लासच्या पोरींनाही कळेल असं सगळं समजावलं. दोन ठिकाणचे दोन 'आज' होते, तिनं दोघांना एकाच घड्याळाला विचारायला लावलं, बस्स. टायपिंग क्लासवाला आपला प्रिंटर उचलून निघाला. गुरुजी कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला.

गुरुप्रसाद हातातल्या हाराची फुलं कुस्करत पुढं आला. "माया, शनिवारचं ते... विसर. तू राहा."

"राहते की सर. पण तुम्ही मला आडनाव विचारून बाहेर काढलंत."

"गुरुजींनी विचारलं ग."

"त्यांनी विचारलं. बाहेर तुम्ही काढलंत."

गुरुप्रसादनं मान खाली घातली. "चुकलं माझं," तो म्हणाला, आणि हे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"मग दोषाचं कारण लिहा," माया म्हणाली. "तुमच्या हातानं, 'गावफळा'च्या नोंदीत, जगाला दिसेल असं."

त्यानं लिहिलं: 'सर्व्हर हलवताना घड्याळातला फरक मी विसरलो. दोष माझा. शोध माया सिद्राम होसमनी यांचा.'

शनिवारी सकाळी त्या नोंदीखाली न्यूझीलंडच्या कुणा अनोळखी ग्रंथपालाचा निरोप आला होता. त्याच्याकडे तीच टेस्ट, त्याच सर्व्हरवर, रोज संध्याकाळी सातपर्यंत (म्हणजे कॅलिफोर्नियात मध्यरात्र होईपर्यंत) नापास होत होती आणि तो बिचारा स्वतःलाच मूर्ख समजत होता. मायाची ओळ त्यानं उतरवून घेतली आणि सकाळी नऊला त्याच्याकडे सगळं पास झालं.

बाबांनो, एवढंच ध्यानात घ्या. गुरुजींचा मंत्र हुबळीत चालायचा, तोही जेवणानंतर, तोही गुरुजी असतील तरच. मायाचं कारण न्यूझीलंडात चाललं, तिला न बघता, तिचं आडनाव न विचारता. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी त्याला एवढंच म्हणा: हेच उद्या सकाळी दहाला करून दाखव. आणि कुणी माणसाकडे बोट दाखवून दोष इथं आहे म्हणालं, तर आधी यंत्र उघडा.