बिजवाईचं टोपलं

“कोनी आत शिरू नोका वं!” वच्छलानं विळा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर टेकवला आणि बाकीच्या मजूरबायांना अडवलं. “आधी मोठ्या बाईचं होऊ द्या.”

मोठ्या बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, कौशल्याबाई. टोपलं कमरेवर घेऊन त्या ज्वारीत शिरल्या. घरची चालच होती तशी. सोंगणीच्या दिवशी पहिलं कणीस त्यांनी खुडायचं. पुढल्या पेऱ्याची बिजवाई, बियाण्याची कणसं, त्या उभ्या पिकातून निवडून आणीत आणि आड्याला टांगून ठेवीत. बाकीची ज्वारी मळून पेवात जाई, वर्षभर खाऊन संपे. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांचा नवरा गेला. पोरबाळ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. या घरात त्यांचं म्हणावं असं एवढंच होतं, ते टोपलं.

मी विमलला कडेवर घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. लढाईमुळे अकोल्यात ज्वारी मिळेनाशी झाली, तेव्हा ह्यांनी मला आणि पोरीला तेल्हाऱ्याकडच्या या शेतावर धाडलं होतं. रांगत्या पोरीच्या आईचं लक्ष सदा कशावर तरी असतं. खुंट, काटे, साप. तसं बघता बघताच मला बाईंची बोटं दिसली.

काळी होती.

त्या धांडा वाकवीत, कणसावर अंगठा फिरवीत आणि खुडीत. डोळे मात्र समोर, कुठंतरी लांब. टोपल्यात चांगल्या कणसांबरोबर काणी लागलेली कणसंही पडत होती. दाण्याच्या जागी राखी पिशव्या, दाबल्या की काजळीसारखी भुकटी. ती बियाण्याला लागली, की पुढल्या वर्षी शेतभर काणीच. आणि विमलला पुढल्या वर्षी भाकरी लागणार होती.

मी हळूच एक कणीस काढून टाकलं. मग दुसरं.

“तारा, टोपलं हलकं कावून लागून राह्यलं?”

“बाई, काणी होती थोडी.”

वाकवलेला धांडा त्यांच्या हातून सुटला आणि ताठ उभा राहिला.

“किती?”

“दोन-तीनच.”

“खोटं बोलू नोको. कालेजात हेच शिकवलं का तुले?” त्या हसल्या, पण हसू तिथंच विरलं. “मले वाटलं, बोटाले समजते. मांगच्या साली समजलं होतं ना वं. मामाजीले सांगू नोको. मी खुडतो, तू मांगून काढत जाय.”

“बरं,” मी म्हणाले. तसं जमलंही असतं.

ऊन चढलं होतं. बाईंनी घाम पुसला, त्याच हातानं. मी मागं होते. आम्ही धुऱ्यावर आलो तेव्हा मामाजी, म्हणजे आमचे सासरे खुशालराव, गाडी सोडून तिथंच उभे होते. मजूरबायांचं बोलणं एकदम थांबलं. बाई वळल्या आणि मलाही दिसलं. इतकी वर्षं कुंकू नसलेल्या त्या कपाळावर काणीचा काळा पट्टा ओढला गेला होता. तो दिसत नव्हता फक्त त्यांनाच.

“काय झालं वं? गप कावून झाल्या साऱ्या?”

मामाजींनी टोपल्यात हात घालून एक कणीस उचललं, चिमटीत दाबलं. आवाज चढवला नाही. “कौशल्ये, टोपलं दे धाकट्या सूनबाईजवळ.”

“मामाजी, बियाणं मोरचुदाच्या पाण्यात बुडवलं की काणी जाते,” मी घाईनं म्हणाले. “मी वाचलंय.”

“बी बुडवू, माय. डोये कशात बुडवाचे?”

बाईंनी टोपलं माझ्या दिशेनं धरलं. मी घेतलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“मंग पोरगी दे माह्याजवळ. तुले दोनी हात लागतीन.”

धुऱ्यापलीकडे बिनकठड्याची विहीर होती. बायांच्या हातांत विळे होते. विमल त्या काळ्या बोटांकडे झेपावत होती आणि माझा हात तिच्याभोवती आवळत गेला.

ते हात थोडा वेळ तसेच राहिले. मग, जणू त्यासाठीच पुढे केले होते असे, बाईंनी ते मागे घेऊन पदर कमरेला खोचला आणि त्या चाचपडत मजूरबायांच्या ओळीशी जाऊन उभ्या राहिल्या. वच्छला सरकली आणि धुऱ्याकडची सोंगायची पात तिनं त्यांना मोकळी करून दिली.