कात्रीचा ठोका

आमच्या शर्टांच्या सरकारी कारखान्यात एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. शंभर कॉलरींचा कोटा असेल तर एकशे दोन शिवायच्या आणि हात आवरायचा. त्याहून जास्त शिवल्या की पुढच्या महिन्यात कोटाच वाढायचा आणि पगार मात्र तिथल्या तिथे. म्हणून एखादीचा हात भरभर चालायला लागला की शेजारीण टेबलावर कात्रीचा हलका ठोका द्यायची. टक्. की ती मुकाट्यानं दोरा बदलायला उठायची. नव्या पोरींना आम्ही शिवण नंतर शिकवायचो, ठोका आधी. मला तर त्या ठोक्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग सरकार पडलं आणि पाठोपाठ कारखान्याला कुलूप लागलं. आम्ही बायका बाजारात कोबीच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन बसलो. आमचे मॅनेजर, तिबेरियू प्लेश्का साहेब, ज्यांनी जन्मभर आमचा कोटा वाढवला, ते मात्र नव्या पक्षाचे नगराध्यक्ष झाले. वारा येईल तशी पाठ द्यायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

यंदा निवडणूक तोंडावर आली तसे त्यांनी इटलीहून एक शेठ आणले. रेंझो त्याचं नाव. तो कारखाना घ्यायला तयार होता, पण आधी वीस बायकांचं एक दिवस काम बघणार होता. हात पसंत पडले तर इथे, नाहीतर नदीपलीकडच्या गावात.

माझी पोरगी इलिंका एकोणीस वर्षांची. घरात आम्ही दोघीच. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, कारण शनिवारच्या बसनं ती इटलीला निघणार होती, कुठल्याशा म्हातारीचं हगणंमुतणं काढायला. मला म्हणाली होती, "आई, इथे काम मिळालं तर मी कशाला जाऊ?" मी तिचं नाव त्या विसांत घातलं आणि माझ्याशेजारच्या मशीनवर बसवलं.

कारखान्याचं कुलूप काढलं आणि काम सुरू झालं. इलिंकाचा हात माझ्यावर गेलाय, पण ती कारखान्यात कधी बसलेली नव्हती. सुटली की सुसाट. तेवढ्यात मागून आमच्या औरिकाच्या कात्रीचा आवाज आला. टक्. पोरीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी काय करावं? डोळ्यांनी खुणावलं, हळू घे. माझ्याच पोरीला, बरं का.

दुपारपर्यंत रेंझोचं तोंड उतरलं. त्याची भाषा आमच्या भाषेची मावसबहीण, सावकाश बोलला तर सगळं कळतं. तो साहेबांना म्हणत होता की शिवण स्वच्छ आहे, पण या बायका झोपेत शिवतात. मग तो नमुन्याचे शर्ट घडी घालून बॅगेत भरायला लागला. साहेब घाम पुसत आमच्यात आले आणि हात उचला, भरभर शिवा म्हणून गयावया करू लागले. ते शब्द त्यांच्या तोंडून आम्ही जन्मभर ऐकले होते. आमचे हात आणखीच मंदावले.

मी इलिंकाकडे बघितलं. ती मशीन थांबवून खिडकीबाहेर बघत होती, बसस्टँडच्या दिशेनं.  मला राग असा आला, की कुणाचा आला तेही कळेना. उठले आणि तडक रेंझोसमोर जाऊन उभी राहिले.

"आम्ही भरभर शिवलं, तर नगामागचा दर उतरवाल?"

त्याला प्रश्नच कळला नाही. हातवारे करून पुन्हा विचारलं. तो म्हणाला, का उतरवेन, जास्त शिवाल तर जास्त मिळेल.

"मग वर्षभर दर उतरणार नाही, हे या सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा."

त्यानं सांगितलं. साहेब लगेच मध्ये तडमडले, म्हणाले, मी हमी देतो. त्यावर अख्खा हॉल हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच.

मी जागेवर आले, टेबलावरची कात्री उचलली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. औरिका पुटपुटली, "दोम्निके, पस्तावशील."

"पस्तावेन. पण पोरगी घरात असेल."

 मग औरिकाचीही कात्री खिशात गेली. मग पलीकडचीची, मग मागच्या रांगेतली.

आणि मग आम्ही शिवलं. देवा, काय शिवलं! खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. औरिकाला नातवंडं आहेत, पण तिचे गाल नव्या नवरीसारखे लाल झाले होते. आपला हात एवढा चालतो हे आम्हीच कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी रेंझोनं बॅग उघडली आणि नमुने परत टेबलावर मांडले.

साहेब कॉलरींच्या ढिगापाशी उभे होते. जन्मभर मापात फसवल्या गेलेल्या माणसासारखा चेहरा. हळूच म्हणाले, "दोम्निका, हे तुम्हाला तेव्हाही येत होतं?"

"पहिल्या दिवसापासून, साहेब."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कोटा वाढवलात. विचारलं कधीच नाहीत."

 साहेब निवडून येतील की नाही, कोण जाणे. मत कुणाला देणार, ते मी औरिकालाही सांगितलेलं नाही.

कात्री अजून खिशातच असते. टाकून दिलेली नाही, वर्ष सरलं की बघू. शनिवारची बस मात्र इलिंकाला न घेता गेली. तिच्या त्या बॅगेतून आता आम्हा दोघींचा डबा कारखान्यात जातो.