दिवा विझल्यावरची सावली

प्रचाराची गाडी आमच्या गल्लीत शिरली संध्याकाळी साडेसहाला, आणि पावणेसातला शिंप्याच्या बायकोने हंबरडा फोडला.

"अगं बाई, ही तर आपलीच गल्ली!"

झालं! गाडीच्या पाठीवर लावलेल्या पडद्यासमोर दीडशे माणसं पुढे सरकली. पडद्यावर रात्र. निळं गेट, पोपडे उडालेली भिंत, दिव्याचा खांब. खांबाखाली पिवळा फ्रॉक घातलेली, समोरचा दात पडलेली सहा-सात वर्षांची पोर "आई, आई" करत उभी. दिवा फडफडतो आणि विझतो. भिंतीवरून एका माणसाची सावली सरकते, खांद्यावर दांडा आणि दांड्याच्या टोकाला काहीतरी गोल. पोर किंचाळते. पडदा काळा. मग खर्जातला आवाज येतो, "उद्या ही मुलगी तुमची असेल." आणि लगेच साहेबांचा हसरा फोटो.

"पाहिलंत?" माइकवाला गरजला. "मातांनो, भावांनो, साहेबांनी या गल्लीत अजून पाऊल टाकलेलं नाही! तरी त्यांना गल्ली दिसली, संकट दिसलं! तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसत नाही ते साहेबांना मिटल्या डोळ्यांनी दिसतं! याला म्हणतात दृष्टी!"

मिटल्या डोळ्यांनी मला झोप तेवढी येते. ही माझी अकरावी निवडणूक. तारणहार येतात आणि जातात, मी आपला जिना चढतो आणि उतरतो. पण खरं सांगतो, त्या पोरीची किंकाळी ऐकून मीही मागे वळून आमचा दिव्याचा खांब पाहून घेतला.

"शाळेचंच गेट ते," कुणीतरी म्हणालं.

"आणि सावली कुणाची, कळलं का?" शिंप्याने आवाज खाली आणला. "खांद्यावर काय होतं? चाक!"

दीडशे माना आमच्या इमारतीच्या तळमजल्याकडे वळल्या. तिथे जिन्याखालच्या खोलीत धारवाला राहायचा. बायको, एक मुलगी, आणि खांद्यावरून वाहायचं ते धारेचं चाक. दोन वर्षांत आमच्या साऱ्या घरांतल्या सुऱ्यांना त्याने धार लावली होती, शिंप्याच्या कात्रीलासुद्धा. परगावचा माणूस, एवढंच त्याच्याविरुद्ध होतं, आणि एवढं पुरलं.

पुढच्या चार दिवसांत कुणी त्याला सुरी दिली नाही. पाचव्या दिवशी शिंप्याची बायको माझ्या दारात.

"काका, त्या मुलीचा अजून पत्ता नाही म्हणे."

"कुठल्या मुलीचा?"

"फिल्ममधल्या!"

"अहो, ती फिल्म आहे."

"म्हणून काय झालं? मुलगी तर खरी आहे ना!"

मी इमारतीचा सेक्रेटरी. रविवारी दहाला अंगणात बैठक ठरली. धारवाल्याने संध्याकाळपर्यंत खोली सोडावी अशी नोटीस मला लिहायला सांगितली आणि मी ती लिहिली. हो, लिहिली. 'लोकांची इच्छा' असं स्वतःला सांगत, चांगल्या अक्षरात लिहिली. खाली सहीपुरती जागा सोडली.

शनिवारी सकाळी मेहुणीचा फोन आला. आमची ही फोनवर त्या फिल्मबद्दल सांगत डोळे पुसत होती आणि मध्येच थबकली. "काय म्हणतेस? तुमची गल्ली?"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "अहो, तिच्या गावातही ती गाडी फिरतेय. तिथले लोक म्हणतात, ही आमचीच गल्ली."

"दोन गावांत एकच गल्ली? देवालासुद्धा एवढी काटकसर जमली नसती."

तेवढ्यात दवाखान्यातली सिस्टर आली. हिच्या गुडघ्याचं इंजेक्शन द्यायला ती दर शनिवारी येते. तिशीची, कमी बोलणारी. हिने फोनवर आलेली ती फिल्म तिच्यापुढे धरली. "बघ गं बाई, काळीज फाटतं नुसतं."

सिस्टरने फिल्म एकदा पाहिली. मग पुन्हा पाहिली. हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, "काकू, ही मी आहे."

आम्हाला वाटलं, पोर दमलीय.

"खरंच मी आहे. चोवीस वर्षं झाली. तेव्हाच्या निवडणुकीसाठी काढली होती ही फिल्म. आणि काका, कुणाविरुद्ध, माहितीये? आज जे ही दाखवत फिरतायत ना, त्यांच्याचविरुद्ध. शेवटचा फोटो बदललाय फक्त."

मी कीर्तनवेडा माणूस. एकच आख्यान शंभरदा ऐकून शंभरदा रडलोय, आणि पुन्हा ऐकायला पहिल्या रांगेत बसतो. जुन्या गोष्टीचं मला वावडं नाही. पण बुवा आधीच सांगतात की बाबांनो, ही गोष्ट जुनी आहे. आणि कथेत कितीही अंधार दाटला तरी शेवटी श्रोता हात जोडून उठतो तेव्हा शेजाऱ्याच्या पाया पडतो, त्याचं बिऱ्हाड बाहेर काढत नाही. इथे शिळी कथा ताजी म्हणून वाढली होती, आणि उठताना आम्ही माणूस हाकलायला निघालो होतो.

"उद्या दहाला येशील?" मी विचारलं.

"येते. आईलाही आणते."

रविवारी अंगण भरलं. धारवाला दाराच्या चौकटीत उभा, मागे बांधलेली बोचकी. सिस्टर बोलली तेव्हा आधी हशा पिकला.

"म्हणे मी आहे! उद्या मी म्हणेन, मी साहेब आहे!" शिंपी म्हणाला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांवर ठेवा," ती म्हणाली आणि माझ्या घरातला टीव्ही खिडकीत ठेवून तिने फिल्म लावली. एका ठिकाणी थांबवली. "खांबावरचा दिवा विझलाय. बरोबर?"

"बरोबर."

"रात्र आहे. दुसरा दिवा नाही, चंद्र नाही. मग माझ्या पायाशी ही सावली कुठून आली? तीसुद्धा आखूड, गोळा झालेली."

अंगणातली लहान मुलं आपापल्या पायांशी बघायला लागली.

"भर दुपारी काढलं होतं हे. डोक्यावर ऊन होतं. काळोख नंतर मशीनमध्ये केला. भिंतीवरची सावली शूटिंगच्या दिवेवाल्याची, संध्याकाळी सामान नेताना टिपलेली. त्याच्या खांद्यावर दिव्याचा स्टँड होता, वर गोल दिवा. दिवसभरात मला पाणी विचारणारा तेवढा एकच माणूस होता."

"आणि ती किंकाळी? तीही मशीनची?" शिंप्याची बायको पुढे आली.

आता सिस्टरची आई उठली. थकलेली बाई, खुर्चीचा आधार घेऊन उभी.

"नाही. ती खरी," ती म्हणाली. "हिला रडता येईना. मग ते मला म्हणाले, बाई, दोन मिनिटं गाडीमागे उभ्या राहा. हिला काही सांगू नका. मी उभी राहिले. दहा पावलांवर होते. ही हाका मारत होती आणि मी ओ दिली नाही."



शिंपी म्हणाला, "म्हणजे… भीती तर खरी होती ना?"

"भीती खरीच होती, दादा. तीच तर त्यांना हवी होती. पण माझ्या पोरीला धोका काडीचाही नव्हता. मी तिथेच होते."

शिंप्याची बायको पदरात तोंड लपवून रडायला लागली. या वेळचं रडणं निराळं होतं. माणसं एकेक करून पांगली. कुणी माफी मागितली नाही. एकजण मात्र वर जाऊन सुरी घेऊन आला आणि धारवाल्याला कशी द्यावी ते न कळून ती पायरीवर ठेवून गेला.

मी जिन्याखाली गेलो.

"राहा बाबा. कुठे जायचं नाही."

धारवाल्याने माझ्याकडे बघितलं. "काका, ही बाई आली नसती तर तुम्ही सही केली असती?"

खोटं बोलायची वेळ नव्हती. "केली असती."

त्याने मान हलवली आणि बोचकी सोडायला बसला. गाठ घट्ट बसली होती. पाठीमागे आधी धार लावलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या डझनभर सुऱ्या पडलेल्या, पण हा नखांनी गाठ उकलत राहिला.

"काप ना सरळ," मी म्हटलं.

"नको काका. दोरी जपून ठेवतो. निवडणुका येतच राहतात."

त्याचं ते बोलणं मी तुमच्यापुढे ठेवतो. भीती वाटली तर वाटू द्या, त्यात कमीपणा नाही. पण घाबरवणारा कोण, तो हे कधीचं दाखवतोय, आणि हे पाहून आपण कुणाच्या दारावर चालून निघालोय, एवढं विचारायला देवाने प्रत्येकाला डोकं दिलंय. ते वापरणं हीसुद्धा त्याचीच सेवा. ती दोरी त्या माणसाला पुन्हा लागू नये, हे साहेबांच्या नाही, आपल्या हातात आहे.