बियाण्याची जोडी

सकाळी खुराड्याचं फळकूट सरकवलं की जिजाबाईंच्या कोंबड्या एकमेकींना ढकलत अंगणात पडायच्या. त्या दिवशी फळकूट सरकवलं आणि कोणीच बाहेर आलं नाही. जिजाबाईंनी वाकून पाहिलं. दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या. काही पिसं फुगवून कोपऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांचे तुरे जांभळे पडले होते.

"मानमोडी आली वाटते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लाल कोंबडा अन् काबरी तलंग कोंबडी अजून धड हायेत. लांजीले माझ्या बहिणीकडे, विमलीकडे नेऊन ठेवा. बियाणं तरी राहीन."

दुलीचंदनं मान डोलावली. कटंगीच्या त्या बाजूला ही रीत जुनीच होती. गावात कोंबड्यांचा रोग शिरला की धडधाकट दिसणारी एक जोडी परगावच्या सोयऱ्याकडे धाडायची. रोग ओसरला की त्याच जोडीची पिल्लं परत येत आणि अंगण पुन्हा भरे. जिजाबाईंच्या सासूनं हेच केलं होतं. दुलीचंदनं जोडी टोपलीत घातली, वर फडकं बांधलं, टोपली मोटरसायकलला आवळली आणि तो लांजीला जाऊन आला.

पण ही कोंबड्यांची नेहमीची मानमोडी नव्हती. शेजारच्या रुख्माबाईंच्या कोंबड्या पटापट मेल्या, मग पुनारामच्या. कोणीतरी फोन केला आणि बालाघाटहून पशुवैद्य डॉ. संघमित्रा रामटेके आल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. निदान आलं: बर्ड फ्लू.

पंचायत भवनात गाव जमला. संघमित्राबाई बालाघाटच्याच एका वॉर्डात वाढलेल्या. पक्ष्यांच्या फ्लूवर अनेक देशांतले शास्त्रज्ञ मिळून अभ्यास करत होते, त्यात त्याही होत्या. पण गावात आल्या की बोलणं गावचंच.

"हा रोग परदेशातून आला हाय. गावातल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतीन. भरपाई भेटन. मले एकच सांगा, रोग आल्यावर कोणाचं पाखरू गावाबाहेर गेलं काय?"

दुलीचंदनं बायकोकडे पाहिलं. जिजाबाई जमिनीकडे पाहत राहिल्या. विमला त्यांची धाकटी बहीण. तिच्या घरात तिच्या हक्काचं म्हणावं असं एकच होतं, तिचं कोंबड्यांनी भरलेलं अंगण. तिथे आपल्याच तोंडानं सांगून कोंबड्या मारणारी माणसं कशी धाडायची?

"नाही गेलं," जिजाबाई पुटपुटल्या.

रुख्माबाई बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांना गप्प बसणं जमत नसे. "काय वो डाक्टरीनबाई, आमची कोंबडी कटंगीच्या बाजारापलीकडं कधी गेली नाही, अन् तुम्ही म्हणता तिचा रोग इदेसातून आला! पासपोर्ट काढला काय तिनं?"

सगळे हसले. संघमित्राबाईही हसल्या.

"कोंबडी नाही गेली, मावशी. पण थंडीत आपल्या तलावावर बदकं अन् हंस येतात ना, ते हिमालयावरून येतात. पार मंगोलियातून. तिथं एका तलावापाशी एक मेंढपाळ बाई राहते. उन्हाळ्यात तिले मेलेले हंस दिसले, तसं तिनं तिथल्या डाक्टरले सांगितलं. त्यांनी विषाणू तपासला अन् त्याची सगळी माहिती साऱ्या देशांसाठी खुली केली. दुसऱ्या देशातल्या लोकांनी त्याची ओळख पटवणारी तपासणी बसवून देली. म्हणून आपलं निदान इतकं लवकर झालं. अन् म्हणूनच थंडी पडायच्या आधी मी गावोगाव सांगत फिरली, का पाखरं मेली तर फोन करा."

"त्या बाईले भेव नाही वाटलं?" जिजाबाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून निघालं.

"वाटलंच असन. तिचे शेजारी भांडले तिच्याशी. म्हणे, आता आमचा बाजार बंद होईन. तिकडच्या डाक्टरनंच मले सांगितलं."

"मग काहून बोलली?"

"तिच्या मेंढ्या त्याच तलावावर पाणी पेत. तिची लेकरंही तिथंच खेळत." संघमित्राबाईंनी हातानं हवेत एक गोल काढला. "आता आपलं पाहा. गावाभोवती आम्ही एक पट्टा आखतो. त्याच्या आत रोग, बाहेर रोग नाही, असं समजून साऱ्या देशांचे लोक पुढचा हिशोब लावतात. एक कोंबडी जरी चोरून बाहेर गेली असली, तर तो पट्टाच खोटा. अन् रोग फक्त पाखरांचा नाही. आजारी कोंबडी हाताळली, कापली, सोलली, तर माणसालेही होऊ शकते. क्वचित होते, पण झाला तर भारी जाते. गरोदर बाईले तर जास्तच."

जिजाबाईंच्या डोळ्यांसमोर विमलाची सून ज्योत्स्ना उभी राहिली. पोटुशी होती. खुराडं तीच झाडायची.

"थांबा!" जिजाबाई एकदम उठल्या. "म्या खोटं सांगितलं! माझी जोडी लांजीले गेली, माझ्या बहिणीकडं!"

भवनात कुजबूज झाली. "आत्ता तर नाही म्हणत होती," मागून कोणीतरी म्हणालं. जिजाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. "मले जाऊ द्या, मी आत्ता जाते तिच्याकडं."

"नाही मावशी," संघमित्राबाई म्हणाल्या, "तुमच्या पायांबरोबर, कपड्यांबरोबरही रोग जाईन. इथूनच बोला."

जिजाबाईंनी फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"विमले, लाल कोंबडा कसा हाय?"

"अवो बाई, कालपासून तो खाऊनच नाही राह्यला. ज्योत्स्ना म्हणे, मरायच्या आधी रस्सा तरी करू. पाणी ठेवलं तिनं चुलीवर."

"हात लावू देऊ नको तिले! विमले, आयक! तो बर्ड फ्लूचा हाय. चूक माझी हाय!"

पलीकडे भांडं आदळल्याचा आवाज झाला. "ज्योत्स्ना, सर मागं! हात धुव साबनानं!" आणि मग विमलाबाई कडाडल्या, "बहीण म्हनून धाडलं, का मराले धाडलं वो? अन् आज सांगतं? माझ्या कोंबड्या गेल्या म्हनजे आता!"

"हौ. गेल्या," जिजाबाई रडत म्हणाल्या. "मले काय बोलाचं ते बोल. पण सून वाचव."

मग विमलाबाईंचा आवाज आला, अगदी खाली गेलेला.

"बाई... अजून एक हाय. कोंबडा मलूल दिसला म्हनून म्या बी माझी एक जोडी काल नणंदेकडं धाडली. आमगावले."

आमगाव! म्हणजे राज्याच्या सरहद्दीपलीकडे, महाराष्ट्रात! एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग कोणी व्यापाऱ्यानं नेला नव्हता. दोन बहिणींच्या मायेनं नेला होता.

संघमित्राबाईंनी तिथल्या तिथे लांजीच्या आणि गोंदियाच्या पशुवैद्यांना फोन केले. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे माणसं पोचली. आमगावच्या नणंदेनं टोपली ओसरीतच झाकून ठेवली होती. जोडी तिच्या कोंबड्यांत मिसळली नव्हती. एक दिवस उशीर झाला असता, तर मिसळली असती. ज्योत्स्नाची तपासणी झाली. ती सुखरूप होती. लांजीचं अंगण मात्र रिकामं झालं, आणि जिजाबाईंचंही. कोंबड्या मारणारी माणसं आली तेव्हा खुराड्याचं फळकूट जिजाबाईंनी स्वतः सरकवलं.

विमलाबाई महिनाभर बोलल्या नाहीत. मग नातू झाला आणि पहिला फोन बहिणीलाच आला.

पुढे रुख्माबाईंच्या दोन नव्या कोंबड्या अचानक मलूल झाल्या. धड असलेली जोडी परगावी धाडायला टोपली शोधत त्या जिजाबाईंकडे आल्या, तेव्हा जिजाबाईंनी त्यांच्या हातात फोन दिला. "पाखरू धाडू नका, वयनी. बातमी धाडा."

रुख्माबाईंनी तोंड वाकडं केलं, पण फोन लावला.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात अशी एखादी रीत असते. ती मायेतून आलेली असते, म्हणून ती तपासून पाहायचं आपल्याला सुचत नाही. पण रोगाला माया कळत नाही आणि सरहद्दही कळत नाही. देशोदेशीचे शास्त्रज्ञ एकमेकांना माहिती देतात, त्या कामाची सुरुवात कुठल्या तरी अंगणातच होते. तिथे कोणीतरी लाज आणि भीती बाजूला ठेवून खरं बोलतं. आणि एकानं खरं सांगितलं की दुसऱ्यालाही धीर येतो. आपल्या अंगणातलं खरं आपणच सांगायला हवं, आणि वेळेवर सांगायला हवं.