दोनशेवी बाटली

"बेल्ट टोचतोय मेला," धाकटी म्हणाली आणि सिग्नलला गाडी थांबल्याबरोबर तिनं सीटबेल्ट छातीवरून काढून काखेखालून घेतला.

"असा लावलास तर त्याचा उपयोग काय?"

"मग काय टोचून घेत बसू? इथं काहीतरी आहे गं. गाठीसारखं."

धाकटी शाळेची व्हॅन चालवते. सकाळी अठरा पोरं शाळेत उतरवली, की परतीच्या वाटेवर ती मला कामावर सोडायची. रिकाम्या व्हॅनमधली ती पंधरा मिनिटं म्हणजे आम्हां दोघी बहिणींची दिवसभरातली गप्पांची वेळ. त्या दिवशी मी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिच्या स्वेटरखाली हात घालून चाचपून पाहिलं. गोटीएवढी गाठ होती, टणक.

"कधीपासून आहे ही?"

"झाले असतील दोन महिने."

"आणि आज बोलतेस?"

"बेल्ट आज टोचला ना," ती म्हणाली. धाकटी अशीच. गाडीचा बारीकसा आवाज तिला लगेच कळतो, स्वतःच्या अंगाचं मात्र कुणीतरी ओरडून सांगावं लागतं.

मी मोठ्या हॉस्पिटलचं नाव काढलं तर तिनं सरळ गाडी सुरू केली. "तिथं मी जाणार नाही, ताई. आई कशी गेली होती तिथं? चालत. संध्याकाळच्या जेवणाला काय करायचं ते सांगून. आणि कशी आली?" आई ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही, आणि तेव्हा धाकटी सतरा वर्षांची होती. "तुझे डॉक्टरसाहेब आहेत की," ती म्हणाली, "आणि औषध तर तूच करतेस. घरचंच काम."

घरचंच काम ते काय होतं, हे आता सांगायला हवं.

मी बावीस वर्षं एका होमिओपॅथिक दवाखान्यात नोकरी केली. पेशंट मला गोळ्यांच्या बाई म्हणत. पुढे डॉक्टरसाहेब पेशंट तपासायचे आणि मागच्या खोलीत मी औषधं बनवायची. बहुतेक डॉक्टर कंपनीच्या तयार बाटल्या घेतात. आमच्या साहेबांना ते पसंत नव्हतं. यंत्राला मन नसतं, औषध हातानंच व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तो हात माझा.

रीत सोपी आहे. झाडाच्या मूळ अर्काचा एक थेंब घ्यायचा, नव्याण्णव थेंब अल्कोहोलमध्ये टाकायचा, बूच लावून बाटली चामड्याच्या गादीवर दहा वेळा आपटायची. ही झाली पहिली. या पहिलीतला एक थेंब दुसऱ्या बाटलीत, पुन्हा नव्याण्णव थेंब, पुन्हा दहा दणके. मग तिसरी. तीस बाटल्या झाल्या की तीसचं औषध, दोनशे झाल्या की दोनशेचं. जितकं पातळ तितकं जालीम, असं त्यांचं शास्त्र. दोनशेवी बाटली व्हायला मला तीन दिवस लागत आणि चौथ्या दिवशी वेणी घालायला हात वर होत नसे.

अल्कोहोलचा साठा तपासायला अबकारी खात्याचे एक इन्स्पेक्टर दर सहा महिन्यांनी येत. साधा माणूस. एकदा ते मी काम करत असताना बराच वेळ बघत उभे राहिले. "बाई, तुम्हाला हिशेब ठाऊक आहे का?" ते म्हणाले. "बाराव्या बाटलीनंतर यात त्या अर्काचा एक कणही शिल्लक राहत नाही. पुढं तुम्ही नुसतं अल्कोहोल अल्कोहोलात घालताय. मला काय, माझं काम लिटर मोजायचं." सही ठोकून ते गेले. मी ते डॉक्टरसाहेबांच्या कानावर घातलं. साहेब हसले. कण राहत नाही हे त्यांना ठाऊकच होतं. "कण जातो, बाई, पण त्याची आठवण राहते," ते म्हणाले. साहेब लबाड असते तर बरं झालं असतं. लबाड माणसाशी भांडता येतं. ते सर्दी झाली की स्वतः त्याच गोळ्या घ्यायचे, आणि दर पेशंटला तासभर ऐकून घ्यायचे. इतकं कुणी कुणाचं ऐकत नाही हल्ली.

त्यानंतर वर्षभरानं माझ्या हातून चूक झाली. गाठींवर द्यायचं एक औषध असतं, विषारी झाडाच्या रसाचं. त्याचं दोनशेचं करायला घेतलं होतं. माझ्या टेबलावर दोन सारख्या बाटल्या असायच्या, एक अर्काची आणि दुसरी ड्रॉपर धुवायच्या साध्या अल्कोहोलची. तीन दिवस मान मोडून काम केलं. दोनशेव्या बाटलीला चिठ्ठी चिकटवली आणि आवराआवर करताना अर्काची बाटली हातात घेतली, तर तिचं सील तसंच्या तसं. मी पहिला थेंब धुण्याच्या बाटलीतला घातला होता. अल्कोहोलात अल्कोहोल घालून दोन हजार वेळा आपटलं होतं.

फेकून द्यायला हवं होतं. तीन दिवसांची मेहनत आणि दुखरा खांदा, माझ्यानं फेकवलं नाही. उद्या साहेबांना सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत त्या बाटलीतून दोन पेशंटना औषध गेलंसुद्धा. मग मी तक्रारीची वाट बघत बसले. महिना गेला, दोन गेले. कुणाचीच तक्रार आली नाही. उलट एक मास्तर मुद्दाम येऊन सांगून गेले, की मानेवरची गाठ गेली, आधीच्या बाटलीपेक्षा या वेळचं औषध जास्त लागू पडलं. त्या दिवशी मला जे कळायचं ते कळलं. आणि मी काय केलं? मूग गिळून गप्प बसले. माझं वय सेहेचाळीस, आणि मला बाटल्या आपटण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी धाकटीला दीड तास तपासलं. म्हणजे विचारलं. उन्हाळा सोसतो का, खारट आवडतं का, स्वप्नात पाणी दिसतं का, आईची आठवण आली की रडू येतं की राग. ती डोळे पुसत बाहेर आली, पण हलकी होऊन आली. "किती चांगले आहेत गं," म्हणाली. मग साहेबांची चिठ्ठी माझ्या खिडकीतून आत आली. तेच औषध, दोनशेचं. तीच बाटली, अर्धी शिल्लक होती.

आता इथं कुणीही विचारेल, की तू तेव्हाच का बोलली नाहीस. मीही स्वतःला रोज विचारते. नव्यानं बनवते, असं म्हणायचा विचार मनात आला. मग इन्स्पेक्टर आठवले. नवं बनवून त्यात काय पडणार होतं? खिडकीपलीकडे धाकटी उभी होती, दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसत. मी साखरेच्या गोळ्यांवर मोजून थेंब सोडले, बाटली हलवली आणि तिच्या हातात दिली.

"जिभेखाली, रोज सकाळी चार," मी म्हटलं.

आठ महिने ती गोळ्या घेत होती. "मऊ पडतेय," म्हणायची. "बघ ना हात लावून." मी हात लावायची आणि "हो गं, वाटतंय खरं," म्हणायची. वाटत नव्हतं. पण रोज सकाळी उठून मीही मनाशी घोकायची, कोण जाणे, मास्तरांची गेली तशी हिचीही जाईल. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच. ज्या बाटलीत काही नाही हे जगात फक्त मला ठाऊक होतं, त्याच बाटलीला मी नवस बोलल्यासारखी विनवत होते.

मग एक दिवस तिला गिअर बदलताना हात उचलवेना. काखेत दुसरी गाठ आली होती.

मी आधी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, धुण्याची बाटली, सील, मास्तर, सगळं. वाटलं होतं ते चिडतील, हाकलून देतील. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मास्तरांना गुण आला होता ना?" त्यांनी विचारलं.

"आला होता."

"मग बाई, त्या धुण्याच्या बाटलीत ड्रॉपरबरोबर थोडा अर्क आधी गेलाच असणार. तेवढा पुरतो आपल्याला. तुम्ही उगाच मनाला लावून घेता. बहिणीला आता हजारचं देऊ."

मला हसू आलं की रडू, सांगता येणार नाही. त्या माणसाला खोटं पाडायला जगात काहीच नव्हतं. मी चाव्या टेबलावर ठेवल्या. बावीस वर्षांनी तेवढंच जमलं.

संध्याकाळी धाकटी व्हॅन धूत होती. मी नळ बंद केला आणि तिला सांगितलं. जसं घडलं तसं, काही न गाळता. आधी ती हसलीच.

"म्हणजे आठ महिने मी सकाळी सकाळी दारू पीत होते?"

"तेवढीही नाही. गोळीवर ती उडून जाते. नुसती साखर."

तिचं हसू गेलं. हातातल्या फडक्याचं पाणी तिच्या चपलांवर गळत होतं, तिला त्याचं भान नव्हतं. "आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"तू घाबरशील म्हणून."

"घाबरले असते तर गेले असते ना हॉस्पिटलात," ती शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर मला सोसलं असतं. तिनं नळ पुन्हा सुरू केला आणि व्हॅनच्या मागच्या काचा धुवायला गेली. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाली, "चल. मला एकटीला तिथं जायचं नाही."

हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. सुई घालून तुकडा काढला. निकाल घेऊन आम्ही ज्यांच्यासमोर बसलो त्या डॉक्टरबाई तरुण होत्या. कॅन्सर आहे आणि काखेपर्यंत पसरलाय, असं त्यांनी सरळ सांगितलं. ऑपरेशन करता येईल, पण आता नुसत्या ऑपरेशनवर भागणार नाही, असं त्या म्हणाल्या. "सहा महिने आधी आला असता तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. शहाणी पोर होती.

मग त्यांनी फॉर्म पुढे केला. तपासणीसाठी टोचलेल्या सुईची पट्टी धाकटीच्या उजव्या हाताला होती, म्हणून पेन मी घेतलं. नाव, वय, व्यवसाय. आईचा मृत्यू कशानं. पुढचा प्रश्न होता, या आजारावर आधी कोणते उपचार घेतले. माझं पेन तिथं अडलं. मग जे खरं होतं तेच मी लिहिलं. 'काहीही नाही.'

धाकटी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "असं नको लिहूस," ती म्हणाली.

"खरं तेच आहे ना?"

"आठ महिने मी घरी बसून राहिले, असं वाटेल त्यांना. मी एक दिवस चुकवला नाही, ताई. परीक्षेच्या दिवसांत पहाटे पाचला गाडी काढायची, तेव्हाही चुकवला नाही." तिनं डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर ठेवलं. "मी केलंय की सगळं. नीट केलंय. ते लिही."

मी लिहिलेलं खोडलं. वर औषधाचं नाव घातलं, दोनशे घातलं, मग रोज सकाळी चार गोळ्या, जिभेखाली, आठ महिने, नियमित. 'नियमित' तिच्या सांगण्यावरून घातलं. डॉक्टरबाईंनी फॉर्म घेतला, ती ओळ वाचली, आणि काहीच न विचारता पान उलटलं. धाकटी खुर्चीत ताठ बसून त्यांच्याकडे बघत होती, त्या काहीतरी म्हणतील म्हणून.