आडव्या गाडीचा फोटो

सुटीच्या दिवशी थंडीत कुडकुडत जंगलात जायचं आणि दुसऱ्यांच्या गाड्यांचा चिखल अंगावर घ्यायचा, अशा माणसांना मी रिकामटेकडे म्हणते. आमचे हे म्हणतात, शौकीन. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर गिऱ्हाइकांना ‘आता दिसतंय का?’ विचारायचं आणि रविवारी गळ्यात हातभर लांबीची लेन्स अडकवून हिंडायचं.

मी गेले ती भाऊजींसाठी. माझा हा दीर गॅरेजात मेकॅनिक. आयुष्य गाड्यांखाली लोळण्यात गेलं, तेव्हा कुठे मालकाने त्यांना रॅलीत गाडी चालवायला दिली होती. तीही अटीवर. शर्यत पुरी केलीस तर पुढच्या वर्षीही तूच, नाहीतर दुसरा ड्रायव्हर. आदल्या रात्री त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर एका अवघड वळणापाशी ही झुंबड! सरळ रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“सगळे इथेच का मरायला आलेत?” मी विचारलं.

“इथे ॲक्शन मिळते,” हे म्हणाले.

“म्हणजे गाडी उलटते?”

“तुझं आपलं काहीतरीच! आणि उलटली तरी प्रेक्षकच उचलतात. तशी मुभा आहे. इथली माणसं फार दिलदार, बरं का.”

शेजारी घडीच्या स्टुलावर एक टोपीवाला बसला होता. “मागच्या वेळी दोन उलटल्या इथे,” तो म्हणाला. “यंदा अजून एकही नाही.” त्याच्या तोंडावर असं सुतक, जणू लग्नाला येऊन जेवण मिळालं नाही.

भाऊजींची लाल गाडी आली. वळणावर मागची चाकं घसरली, गाडी चरात गेली आणि कुशीवर आडवी झाली. समोरची काच नेमकी आमच्याकडे. तेवढ्यात वरच्या खिडकीतून शेजारी बसणाऱ्या जोडीदाराचा हात बाहेर आला. हातात ‘ओके’ची पाटी. म्हणजे दोघे धडधाकट होते. शिट्टीवाला पंच मागच्या गाड्यांना थोपवायला झेंडा घेऊन पळाला. जाता जाता ओरडला, “उचला रे तिला, उचला!”

कोण उचलतोय? दिलदारांचे हात कॅमेऱ्याला चिकटलेले. खटखट, खटखट. टोपीवाला तर स्टुलावर उभा राहिला. कुणी म्हणे, “जरा बाजूला व्हा, मध्ये येताय!” एक महाभाग गाडीकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढत होता. थू तुमच्या जिनगानीवर!

आणि आमचे हे? एक गुडघा चिखलात टेकवून, डोळा मिटून खटखट.

“अहो, तुमचा भाऊ आहे तो!”

“एक मिनिट, एकच मिनिट. प्रकाश काय सुंदर पडलाय!”

मी प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या टेपखालून घुसले आणि एकटीच गाडीच्या टपाला भिडले. ती काय हलतेय! मग लेन्सवर चिखलाचा हात ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांना अरे-तुरे केलं. “ऊठ! लाज वाटत नाही? ऊठ आधी!” ह्यांनी आधी लेन्स पुसली. मग उठले. मग टोपीवाला, मग बाकीचे, नवरदेवासारखे सावकाश. गाडी चार चाकांवर आली, पण इंजिन काही केल्या सुरू होईना. इतका वेळ आडवी पडून ऑइल नको तिथे उतरलं होतं. भाऊजी पुन्हा पुन्हा चावी फिरवत होते. शेवटी त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

संध्याकाळी ते घरी आले. मालकाने फोनवरच दुसरा ड्रायव्हर ठरवून टाकला होता. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. हे कॅमेरा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटलं, आता तरी माफी मागतील. कसलं काय!

“हा बघ,” हे म्हणाले. “काचेमागे तुझा चेहरा. डोळे बघ कसे आलेत, पापणी न् पापणी मोजून घे. थेट कॅमेऱ्यात बघतोयस!”

भाऊजींनी बराच वेळ पाहिलं.

“कॅमेऱ्यात नव्हतो बघत, दादा. तुझ्याकडे बघत होतो. जोडीदार घाबरला होता, त्याला म्हटलं, घाबरू नकोस, माझा भाऊ उभाय समोर. आत्ता उचलेल.”

त्यांनी चहा संपवला, कप स्वतःच विसळून ठेवला. “येतो, वहिनी,” म्हणाले आणि गेले.

मी दार लावून आत आले. हे अजून त्याच फोटोवर वाकलेले.

“काय गं,” हे म्हणाले, “रागावला की काय तो?”